खोली तुमची, हात कुणाचे?

ती रील तुम्हीही पाहिलीच असणार. तीस सेकंदांची. सुरुवातीला पोपडे आलेली भिंत, लोखंडी कॉट, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मग एक टाळी वाजते आणि समोर पांढरी चादर, पिवळ्या बल्बची माळ, कुंडीत मनीप्लांट, भिंतीवर लाकडी फळी आणि फळीवर न उघडलेली चार पुस्तकं. खाली कुणीतरी विचारतं, ‘भावा, टोटल खर्च किती?’

खर्चाचं नंतर बघू. अडचण अशी की ती खोली आपल्याकडची नाही. तिच्यात मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजताचा तापलेला स्लॅब नाही, बोअरच्या जड पाण्यानं पांढरी पडलेली फरशी नाही, कोपऱ्यात घरघरणारा कूलर नाही, आणि एका खोलीत तिघं तर नाहीतच नाहीत. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, बाबानगरात ज्यांनी एक वर्ष तरी काढलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’बद्दल इतकं लिहून झालं, पण हा पॅटर्न ज्या दहा बाय दहाच्या खोल्यांत घडतो त्या खोल्यांबद्दल कुणी काही लिहीत नाही.

तर माझं म्हणणं साधं आहे. आपली खोली आपल्या हातानं नीट करा. घरची असो नाहीतर भाड्याची. फक्त रीलमधल्या क्रमानं नको. दिव्यांची माळ सगळ्यात शेवटी.

‘डीआयवाय’ हा शब्द आपल्याकडं यूट्यूबवरून आला, काम मात्र जुनंच आहे. आपण त्याला ‘दसरा काढणं’ म्हणतो. घटस्थापनेच्या आधीचे दिवस आठवा. वाकळा, गोधड्या, सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, डबे घासून उन्हात पडतात, जळमटं निघतात, भिंतींना चुना लागतो. त्याच्या मागच्या पिढीत भिंती मातीच्या होत्या तेव्हा बाया पांढऱ्या मातीनं त्या पोतारायच्या, जमीन शेणानं सारवायच्या. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्यावर मातीचा नवा थर पडायचा. यातलं एकही काम ठेकेदाराला दिलेलं नसायचं. कुठली माती चिकट, चुना किती भिजवायचा, भिंत आधी ओली करायची का, हे घरातल्या बाईला पाठ असायचं. तिला त्याबद्दल कुणी एक लाइक दिला नाही.

आज तेच काम एखाद्या पोरानं केलं की त्याचा ‘प्रोजेक्ट’ होतो, मग त्याचा व्हिडिओ होतो. होऊ द्या की, वाईट काही नाही. पण काम सुरू करायच्या आधी आईला नाहीतर आजीला एकदा विचारा. भिंतीला ओल कुठून येते हे त्या घरात पंचवीस वर्षं राहिलेल्या बाईला जितकं कळतं तितकं रंगाच्या दुकानातल्या माणसाला कळत नाही.

आता उन्हाचं. वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त का मिळते हे जूनमध्ये ॲडमिशन घेताना कळत नाही, एप्रिलमध्ये कळतं. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री ते तुमच्या अंगावर सोडतो. यावर आपल्याकडं एकच उपाय माहीत आहे, कूलर. आणि कूलरला पाणी लागतं. ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, त्या शहरात उन्हाळ्याचा सगळा भार कूलरवर टाकणं काही खरं नाही. त्याआधी गच्ची पांढरी करून बघा. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ म्हणजे थंड छतांचं धोरणच आणलं. अहमदाबादनंही आपल्या उष्णतेच्या कृती आराखड्यात पांढऱ्या छतांना जागा दिली. आपल्याला धोरणाची वाट बघायची गरज नाही. चुना, कुंचा आणि घरमालकाची परवानगी, एवढं पुरतं.

पद्धत अशी. चुना रात्रभर पाण्यात भिजत घालायचा. कळीचा चुना असेल तर तो पाण्यात पडताच उकळायला लागतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, लोखंडी घमेलं किंवा जुना पिंप घ्या, तोंड लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे पाहिजेतच. सकाळी फडक्यातून गाळून घ्यायचा, धरून राहावा म्हणून थोडं फेविकॉल मिसळायचं. गच्ची आधी झाडून, धुऊन घ्यायची. मग उन्हं उतरल्यावर दोन हात. पावसात तो बराच धुऊन जातो, त्यामुळं हे दरवर्षी होळीच्या सुमाराचं काम. तिघा रूममेटांची एक संध्याकाळ जाते. खोलीचा एसी काही होणार नाही, पण रात्री अकरा वाजता पंख्यातून भाजणारा वारा येतो तेवढा येत नाही.

आणि कूलर लावलाच असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. सगळी दारं-खिडक्या बंद करून कूलर लावायची आपल्याकडं सवय आहे. मग हवा दमट होते, अंग चिकट होतं आणि शिव्या कूलरला बसतात. त्याहून महत्त्वाचं, लोखंडी कूलरला तीन पिनांची वायर आहे का आणि ज्या पॉइंटला ती लावली तिथं अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. ओली फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी पत्रा, याच्यावर विनोद करण्यासारखं काही नाही. खोलीतल्या कामांपैकी विजेचं काम तेवढं स्वतःच्या हातानं करू नका.

भिंतीचंही असंच आहे, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं बाकी. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसं झोपेत होती. सात हजारांहून जास्त माणसं गेली. ती बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, बाहेरून भक्कम, पण आत मातीत बसवलेला दगड. भिंतीच्या दोन बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची माती, वर्षानुवर्षं गळती थांबवायला टाकलेल्या थरांनी जड झालेली. म्हणजे बघा, दरवर्षी प्रेमानं केलेली दुरुस्तीच छताचं वजन वाढवत होती. काही ठिकाणी लाकडी खांब आणि तुळयांचा खण जागेवर उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या.

तेव्हा देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. तुम्ही तेव्हा जन्मला नव्हता, मान्य. पण २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडचे ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा तर होता. किती जण घराबाहेर आले आणि किती जणांनी आधी स्टेटस टाकलं, ते ज्याचं त्याला माहीत.

किल्लारीची गोष्ट आपल्याला इतकीच सांगितली जाते की घरं पडली, ५२ गावं नव्यानं वसली. औसा तालुक्यातल्या गुबाळची घुमटाची घरं फोटोत छान दिसतात. (गोल भिंतीला कपाट कसं टेकवायचं, हा प्रश्न फोटोत येत नाही.) गोष्टीचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. जी घरं पडली नाहीत, नुसती तडकली, ती दुरुस्त करून मजबूत करण्याचा वेगळा कार्यक्रम होता, जागतिक बँकेच्या मदतीचा. लाखाहून जास्त घरं त्यात होती. ठेकेदार नेमून काम उरकायचं नव्हतं. पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाला मिळायचे आणि काम त्यानंच करून घ्यायचं, इंजिनिअरच्या सल्ल्यानं. हे सल्ले घरोघर पोचवले ते बायांनी. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. माळवदावरची माती कमी करा, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्या, अशा गोष्टी शेजारणीनं शेजारणीला समजावल्या. जगात घर दुरुस्तीचा एवढा मोठा ‘स्वतः करा’ कार्यक्रम फार ठिकाणी झाला नसेल, आणि तो आपल्या मावशा-काकवांनी चालवला. हे आपल्या कॉलेजांत शिकवत का नाहीत, कुणास ठाऊक.

त्या कार्यक्रमात पुष्कळांनी जुनी दगडी भिंत दुरुस्त न करता त्याच पैशात विटांची एक नवी खोली बांधली. कागदावर हे चुकलेलं दिसेल. मला नाही तसं वाटत. ज्या भिंतीनं शेजारच्याचं अख्खं घर नेलं, तिच्याखाली पुन्हा अंथरूण टाकायचं म्हणजे नुसत्या सल्ल्यानं होत नाही.

याचा तुमच्या खोलीशी काय संबंध? सरळ आहे. झोपायच्या खोलीत बदल करताना पहिला प्रश्न ‘कसं दिसेल’ हा नको, ‘वरचं वजन कशावर आहे’ हा पाहिजे. नांदेड-लातूरच्या जुन्या वस्त्यांत कितीतरी दोन-तीन खोल्यांची घरं अशी आहेत की स्लॅब थेट विटांच्या भिंतींवर टेकलाय, कॉलम नाहीतच. अशा घरात ‘खोली मोठी दिसेल’ म्हणून मधली भिंत काढणं, कपाटासाठी भिंतीत खोल कोनाडा कोरणं, खिडकीचं दार करणं, ही कामं पाच-सहा हजारांत करून देणारा माणूस तुम्हाला मिळेल. घेऊ नका. आधी सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. कॉलम असलेल्या इमारतीतही बीममध्ये, कॉलममध्ये ड्रिल घालायचं नाही, आत सळई असते. फळी लावायची तर विटांच्या भिंतीला लावा, आणि डोक्यावर लावू नका. रीलमध्ये कॉटच्या बरोबर वर पुस्तकांची फळी असते. आपल्याकडं ती पायाकडच्या भिंतीला असलेली बरी. लोखंडी कपाट वरच्या बाजूला क्लॅम्पनं भिंतीला धरून ठेवा. माळ्यावर जुन्या पुस्तकांची पोती रचली असतील तर त्याच्या खालून अंथरूण हलवा. एवढं करायला एक तास लागतो.

आता रंग. हे काम मात्र खरोखर तुमचं आहे. दहा बाय दहाची खोली, साडेनऊ फूट उंची, चार भिंती म्हणजे ३८० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की साधारण साडेतीनशे. इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात धरून साठ-सत्तर चौरस फूट होतात, म्हणजे पाच ते सहा लिटर. नेमका आकडा डब्यावर लिहिलेला असतो, तो वाचा. दुकानात गेल्यावर ‘एका खोलीला किती लागतो?’ असं विचारलं की हमखास दहा लिटरचा डबा माथी मारतात. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि दुकानांना तोटा नाही, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून बघा.

पण डबा उघडायच्या आधीचं काम जास्त असतं आणि तेच रीलमध्ये कापलेलं असतं. पोपडे खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, भोकं-भेगा पुट्टीनं बुजवायच्या, वाळू द्यायचं, परत पेपर मारायचा, मग प्रायमर, मग रंग. ओल असेल तर यातलं काहीच टिकत नाही. भिंतीतून पांढरी भुकटी येत असेल तर पाणी कुठून तरी वर चढतंय किंवा आत झिरपतंय. बाहेरच्या बाजूची भेग, गच्चीतला नाला, पलीकडचं बाथरूम, आधी हे शोधा. ओल्या भिंतीवर पुट्टी मारणं म्हणजे घामेजल्या तोंडाला पावडर. जुन्या दारांवरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण फार थोडं ठेवायचा, दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत, असा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या दारावर काय आहे ते दिसून कळत नाही. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, लहान लेकरं असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

पहिल्यांदाच करत असाल तर एक सुचवतो. एका दिवसासाठी पेंटर बोलवा, त्याची पूर्ण मजुरी द्या, आणि त्याच्या हाताखाली काम करा. पुट्टीचा पत्रा कुठल्या कोनात धरायचा हे व्हिडिओत पाहून येत नाही. आपल्याकडं बारावी ‘गेली’ की आयटीआय, अशी एक रांग लावून ठेवली आहे, आणि त्यामुळं हातानं काम करणाऱ्याला आपण मनातल्या मनात दोन पायऱ्या खाली बसवतो. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पोरगा बीमचा सगळा हिशेब वहीत मांडतो आणि भिंत ओळंब्यात आहे का हे बघायला त्याला मिस्त्रीच लागतो. दिवसभर कुणाच्या हाताखाली घमेलं उचललं तर ही पायरी जरा हलते.

भाड्याच्या खोलीत राहत असाल तर आधी कागद बघा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर भाडेकरूला घर सोडावं लागू शकतं. लाकडी पार्टिशनसारख्या गोष्टी कायमच्या बांधकामात धरत नाहीत, पण तुमच्यातल्या बहुतेकांचा कागद ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असतो, आणि पुष्कळांकडं तर कागदच नसतो. तेव्हा भांडण्यापेक्षा बोला. ‘काका, रंगाचा खर्च अर्धा तुमचा, मेहनत आमची’ असं म्हटलं तर घरमालक सहसा नाही म्हणत नाही, त्याची खोली पुढच्या वर्षी जास्त भाड्यानं जाणार असते. ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा आणि कामाच्या आधीचे फोटो काढा. डिपॉझिट परत मागताना ते कामी येतात. चिकटपट्टीवाले हुक, वॉलपेपर असल्या गोष्टी निघताना रंगासकट निघतात हेही ध्यानात असू द्या.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुमच्या घरच्या खोलीबद्दल आहे. आपल्याकडं दोन बेडरूमचं घर झालं की दुसरी खोली ‘पोराची’ होते. दहावीला गेला की त्याला टेबल येतं, दार लावायची मुभा येते. बहीण मात्र मधल्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात, कधी स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी पाट मांडून अभ्यास करते. ती नांदेडला नाहीतर लातूरला शिकायला आली की तिच्या हॉस्टेलच्या दाराला वेळ असते, आणि घरी आली की तिला जागा नसते. तुम्ही सुट्टीत खोली रंगवायला काढणार असाल तर रंग ठरवायच्या आधी हा प्रश्न घरात काढा. जास्तीची खोली नसेल तर मधल्या खोलीचा एक कोपरा पडद्यानं वेगळा करता येतो. भिंतीला घडी घालता येणारी फळी, एक दिवा, एक बंद होणारं कपाट, दोन दिवसांचं काम आहे. कपाटाला कुलूप पाहिजे आणि किल्ली तिच्याकडं पाहिजे. ‘तिला कशाला लागतंय कुलूप?’ असं कुणी तरी म्हणेलच. त्याच माणसाला विचारा, मग तुमच्या खोलीला कडी कशाला.

आणि मुलींनो, ड्रिल मशीन जड नसतं. घरातली गोधडी धुऊन पिळायला जेवढी ताकद लागते त्याच्या निम्मीही लागत नाही.

काम कधी काढायचं? पावसाळ्यात नको, भिंत आतून ओली असते आणि दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात. मे महिन्यात रंग भराभर वाळतो, पण तुम्हीही वाळता, आणि पुट्टीला वाळायच्या आधीच भेगा पडतात, म्हणून सकाळी लवकर सुरू करून अकराला थांबायचं. सगळ्यात बरे दिवस घटस्थापनेच्या आधीचे. पाऊस उघडलेला असला तर उत्तमच. त्या आठवड्यात घरातलं सगळं सामान तसंही बाहेर निघतं, आई सगळ्यांना हाका मारत असते, आणि खोली रिकामी करायला वेगळी सुट्टी काढावी लागत नाही.